बुलेटची काच बघायला शिकूया

ताईंनो, मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर मी वडिलांची क्लासिक ३५० घेऊन गावोगावच्या बैठकांना फिरत होते. पेट्रोल रोज बघायचे, ऑइल कधीच नाही. एक दिवस घाटात इंजिन खडखडायला लागलं आणि गाडी बंदच पडली. मेकॅनिकने इंजिन खोललं. बिल माझ्या महिन्याच्या मानधनाहून जास्त झालं. आपल्याही गटांत अंतर्गत कर्जाच्या अर्जावर ‘गाडी दुरुस्ती’ हे कारण अधूनमधून येतंच. त्यातलं काही आपण टाळू शकतो, म्हणून यावेळी हा विषय.

ऑइल तपासायला पैसा लागत नाही, पानाही लागत नाही. या गाडीच्या इंजिनाला उजव्या बाजूला एक छोटी काच असते. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करा. पाच मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. मग सपाट जागेवर डबल स्टँड लावून काचेत बघा. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये दिसलं पाहिजे. साईड स्टँडवर बघायचं नाही! गाडी डावीकडे कलते, ऑइलही तिकडे जातं आणि काच रिकामी दिसते. मग आपण घाबरून वरून ओततो. जास्त झालेलं ऑइलही वाईटच, ते एअर फिल्टरकडे चढतं नाहीतर सीलमधून गळतं.

बदलताना इंजिन कोमट हवं, ऑइल पटकन उतरतं. खाली जुनं घमेलं ठेवून ड्रेन बोल्ट सोडायचा. परत लावताना वायसर नवीन घ्या आणि जोर लावू नका, इंजिनाचा धातू मऊ असतो, आटे जातात. फिल्टरही बदलून घ्या. नवीन ऑइल थोडं थोडं ओतून काच बघत राहा. सगळं जुनं ऑइल कधीच निघत नाही, त्यामुळे इंजिनाची पूर्ण क्षमता धरून ओतलं तर जास्त होतं. किती ओतायचं आणि किती किलोमीटरला बदलायचं, ते मॉडेलप्रमाणे गाडीच्या पुस्तकात असतं.

डब्यावर १५डब्ल्यू-५० आणि ‘जासो एमए२’ लिहिलेलं बघून घ्या. चारचाकीचं उरलेलं ऑइल घालू नका. बुलेटचा क्लच याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, चुकीच्या ऑइलने तो घसरतो.

आणि ते काळं ऑइल! आपल्याकडे बैलाच्या जखमेला लावतात. माझ्या आजोबांनीही लावलंय. पण त्यात धातूचे कण आणि विषारी द्रव्यं असतात, जनावर ते चाटतं. विहिरीच्या बाजूला, ओढ्यात तर मुळीच ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवर द्या.

पुढच्या मासिक बैठकीला मी बुलेटवरच येणार आहे. ज्यांना काच बघायची असेल त्यांनी बैठकीनंतर दहा मिनिटं थांबा. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी मागचं ऑइल किती किलोमीटरला बदललं ते घरी विचारून या. बहुतेकांना आठवणार नाही, मलाही आठवत नव्हतं.