स्वागतकक्षातली खुर्ची आणि पाण्याची बाटली

बारावी किंवा पदवी झालेली, बोलायला नीटनेटकी, थोडाफार संगणक येणारी मुलगी असली की आपल्यासारख्या गावातही तिला रिसेप्शनिस्टची नोकरी मिळते. रुग्णालये, शिकवणी वर्ग, गाड्यांची शोरूम, हॉटेले अशा सर्व ठिकाणी ही खुर्ची असते. सावलीत बसून करायचे काम म्हणून घरचेही समाधानी असतात. पण या खुर्चीचेही काही आजार आहेत.

मध्यंतरी बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. थंडी वाजून ताप, उलट्या आणि पाठीत उजवीकडे बरगडीखाली दुखणे. आईला मलेरियाची शंका होती. मी विचारले, "लघवीला जळजळ होते का गं?" मुलीने मान खाली घातली. "दोन आठवडे झाले, सर. टेबल सोडून जाता येत नाही. फोन वाजला आणि उचलला नाही तर साहेब रागावतात. म्हणून मी ऑफिसात पाणीच पीत नाही."

लघवीच्या तपासणीत पू आढळला. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. तिला दाखल करून शिरेतून औषधे द्यावी लागली.

असे का होते? स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा असतो. पुरुषांचा त्याच्या जवळजवळ पाचपट. त्यामुळे गुदद्वाराजवळचे जंतू स्त्रियांच्या मूत्राशयात लवकर शिरतात. वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. पाणी कमी प्यायले व लघवी तुंबवून ठेवली की त्यांना वाढायला सवड मिळते. आपल्याकडे 'उन्हाळे लागले' म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी घेऊन दिवस काढतात. पाणी पोटात जाते हे चांगलेच; पण जळजळ एक-दोन दिवसांत थांबली नाही, लघवीतून रक्त गेले, ताप आला किंवा पाठीत दुखू लागले तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. गरोदर स्त्रिया व मधुमेही यांनी एक दिवसही थांबू नये. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत आणि दिलेली औषधे बरे वाटताच बंद करू नयेत.

हे काम करणाऱ्यांनी पुढील पथ्ये पाळावीत :

१) पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची होईल इतके पाणी प्यावे. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे.)

२) दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. संडासनंतर पुढून मागे अशी स्वच्छता करावी.

३) रिसिव्हर मान व खांदा यांच्यात दाबून लिहू नये. मानेचे दुखणे बहुधा येथूनच सुरू होते.

४) तासातून एकदा दोन मिनिटे उभे राहावे. उभ्याने काम असेल तर अधूनमधून बसावे.

५) दिवसभर बोलून आवाज बसल्यास त्याला विश्रांती द्यावी. तीन आठवड्यांत सुधारला नाही तर घसा तपासून घ्यावा.

आता दोन शब्द मालकांसाठी. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. या कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनांत पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह यांची सोय करणे ही मालकाची जबाबदारी आहे. पण स्वच्छतागृह असून तिकडे जायला सवड नसेल तर उपयोग काय? पाच मिनिटे फोन दुसऱ्या कोणी घेतला तर धंदा बुडत नाही.

त्या मुलीला दाखल केले त्या संध्याकाळी माझ्याच दवाखान्यात नावे लिहून घेणाऱ्या मुलीला मी विचारले, "दिवसात किती वेळा उठतेस?" ती म्हणाली, "दुपारी जेवताना, सर." ती माझ्याकडे सहा वर्षे आहे आणि मी हे कधी विचारले नव्हते. आता सकाळी अकराला व संध्याकाळी सातला कंपाउंडर तिची जागा घेतो. रुग्णांची काही तक्रार नाही.

मुलगी नोकरीला लागताना पगार, वेळ व सुट्टी आपण विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा : "मी उठले तर माझ्या जागी कोण बसेल?" हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.