कमाईवर घरच्यांचा हक्क



मे महिना आला की रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या मोहल्ल्यांमधून बंद घरांच्या खिडक्या उघडू लागतात. कुवेत, दुबई, दोहा, जेद्दाह येथे राबणारे कर्ते पुरुष रजेवर येतात. सामानातून खजूर आणि अत्तर निघते, घरात हापूसच्या पेट्या येतात. मग लग्ने उरकली जातात, कुंपणाची डागडुजी होते, बँकेची आणि तलाठ्याकडील कामे मार्गी लागतात. पावसाच्या पहिल्या सरी येईपर्यंत रजा संपलेली असते. अशा घरात वडिलांनी उंबरठ्यावर पाऊल ठेवताच लहान मूल विचारते, "अब्बा, परत कधी जाणार?" ज्या बापाने हा प्रश्न ऐकला आहे, त्याला या लेखाचा विषय निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

परदेशी जाणे आपल्याला नवीन नाही. आपले पूर्वज जहाजावर खलाशी म्हणून गेले, मुंबईच्या गोदीत राबले, दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनपर्यंत पोहोचले. १९७० नंतर तेलाच्या पैशाने आखाताची दारे उघडली आणि हजारो कोकणी तरुण तिकडे गेले. त्यांच्या घामावर बहिणींची लग्ने झाली, मातीची घरे चिऱ्याची झाली, मुले शिकली. या त्यागाचे मोल कमी लेखणे ही कृतघ्नता ठरेल. परंतु गरजा भागल्यानंतरही "आणखी दोन वर्षे, मग येतो" असे म्हणत वीस वर्षे निघून जातात. खात्यातील रक्कम वाढते, बंगल्यावर मजला चढतो, आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ती मुले दरम्यान मोठी होऊन गेलेली असतात.

एकाच हदीसमध्ये दोन्ही बाजू

आदरणीय सअद बिन अबी वक्कास (रजि.) मक्केत गंभीर आजारी पडले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले. सअद (रजि.) यांच्याजवळ संपत्ती होती आणि वारस म्हणून एकच मुलगी होती. मालमत्तेचा मोठा भाग दान करण्याची त्यांनी परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) फक्त एक तृतीयांशाची अनुमती दिली आणि तेवढेही पुष्कळ आहे असे सांगितले. वारसांना लोकांपुढे हात पसरण्याच्या स्थितीत सोडण्यापेक्षा संपन्न स्थितीत सोडणे अधिक चांगले, असे त्यांनी समजावले. मात्र प्रेषित (स.) एवढेच सांगून थांबले नाहीत. अल्लाहची प्रसन्नता इच्छून केलेल्या प्रत्येक खर्चाचे पुण्य मिळते, पत्नीच्या मुखी भरवलेल्या घासाचेसुद्धा, असेही त्यांनी सांगितले (बुखारी, मुस्लिम).

येथे क्षणभर थांबून विचार करा. ज्या हदीसने मुलांसाठी मागे ठेवण्यास सांगितले, तिनेच हयातीत प्रेमाने भरवलेला घासही पुण्यात मोजला. आपण तिचा पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरलो. वारसा आपण मेल्यानंतरही पोहोचतो; घास भरवण्यासाठी मात्र जवळ बसावे लागते.

मध्यम मार्ग

बचत इस्लामला अमान्य नाही. आदरणीय यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतील धान्य दुष्काळासाठी राखून ठेवण्याची योजना सांगितली, याचा उल्लेख कुरआनात आहे (१२:४७-४८). परंतु संपत्ती साठवून ती मोजत बसणाऱ्याचा कठोर निषेधही कुरआनातच आहे (१०४:१-३). रहमानचे दास उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजूषपणाही करीत नाहीत, या दोहोंच्या मध्ये समतोल राखतात, अशी त्यांची ओळख सूरह अल-फुरकानमध्ये दिली आहे (२५:६७).

आपल्या समाजाची गोची अशी की, या दोन्ही चुका आपण एकाच वेळी करतो. लग्नात तीन दिवसांत लाखो रुपये उडवताना हात आखडत नाही. पण त्याच घरातील पत्नी कधी चार दिवस कोठे जाऊ या म्हणाली, तर "पैसे काय झाडाला लागतात?" असे उत्तर मिळते. लोकांना दाखवण्यासाठी उधळपट्टी आणि घरच्यांसाठी चिक्कूपणा, याला समतोल म्हणता येणार नाही.

प्रेषितांचे (स.) घर

प्रेषितांच्या (स.) घरी अनेकदा चूल पेटत नसे, तरी त्या घरात आनंदाची टंचाई नव्हती. प्रवासात त्यांनी आदरणीय आएशा (रजि.) यांच्यासोबत धावण्याची शर्यत लावली (अबू दाऊद). हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा आएशांचे (रजि.) मन भरेपर्यंत ते त्यांना खेळ दाखवीत उभे राहिले (बुखारी). ज्याचा स्वतःवर, अनुयायांवर आणि साऱ्या अरबस्तानावर भार होता, त्याला यासाठी वेळ मिळाला. मग आपण कोणत्या कामात इतके गुंतलो आहोत?

आदरणीय अबू दर्दा (रजि.) इबादतीत इतके रमले की घराकडे दुर्लक्ष झाले. तेव्हा सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना पत्नीच्या हक्काची आठवण करून दिली आणि प्रेषितांनी (स.) ते बरोबर ठरवले (बुखारी). जर नफिल इबादतही घरच्यांचा हक्क बुडवण्याची सबब होऊ शकत नाही, तर ओव्हरटाइम कसा होईल?

मग खर्च कशावर करावा?

सर्वप्रथम कर्ज फेडा. निसाबवर वर्ष उलटले असेल तर अडीच टक्के जकात काढा. शिक्षण आणि आजारपणासाठी तजवीज ठेवा. कर्ज काढून सहल करणे हा शहाणपणा नव्हे. त्यानंतर जे उरते, त्यातील एक ठराविक हिस्सा दरवर्षी कुटुंबासोबत राहण्यासाठी बाजूला काढा.

लग्नकार्य नसतानाही एखादे वर्षी विमानाचे तिकीट काढून घरी या. बिनपगारी पंधरा दिवस वाढवावे लागले, तर तो तोटा समजू नका. घरच्यांवरील खर्चच समजा. आई-वडिलांचे पाय चालत आहेत तोवर त्यांना उमराहला न्या. त्यांच्या पश्चात बांधलेल्या मजल्यावर ते चढून येणार नाहीत.

फार दूर जाण्याचीही गरज नाही. धरतीवर फिरून अल्लाहने निर्मितीचा आरंभ कसा केला हे पाहण्यास कुरआन सांगतो (२९:२०). अस्रनंतर मुलांना भाट्याच्या किनाऱ्यावर न्या. दाभोळला आदिलशाही काळातील मशीद दाखवा आणि हे बंदर एके काळी अरबस्तानाशी व्यापार करीत होते, हे सांगा. थिबा राजवाड्यात त्यांना ब्रह्मदेशाच्या राजाची गोष्ट ऐकवा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, त्याला येथे आणून ठेवले आणि १९१६ साली मायदेश पुन्हा न पाहताच तो रत्नागिरीत मरण पावला. त्याला परतण्याची मुभा नव्हती. आपल्याला आहे, हे मुलांना सांगताना बापाच्याही ध्यानात येईल.

एवढी काळजी घ्या की नमाज चुकू नये, फोटोंचे प्रदर्शन होऊ नये आणि शेजारच्या अनाथ मुलासाठी गाडीत एक जागा असावी.

अल्लाहच्या मार्गात, गुलाम सोडवण्यासाठी, गरिबाला आणि कुटुंबाला दिलेल्या दीनारांत सर्वाधिक पुण्य कुटुंबावर खर्च केलेल्या दीनाराचे आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले (मुस्लिम). आज रात्री घरी फोन कराल तेव्हा पैसे मिळाले का, हे जरूर विचारा. त्यासोबत मुलाला हेही विचारा की, "मी आलो की आपण कोठे जायचे?" आणि त्याने जे ठिकाण सांगितले, ते लिहून ठेवा.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि ती ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासोबत भोगण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.