बेदाण्याचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या आमच्या उचगावात कुणाची शुगर वाढलेली निघाली की घरातली बिस्किटं बंद होतात आणि त्यांच्या जागी बेदाणे नाहीतर खजूर येतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातला बेदाणा, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालेलं. आपल्याच भागातला म्हणून भरवसा बसतो. पथ्याचा खाऊ म्हणून बेदाण्याला माझी हरकत नाही, न मोजता खाण्याला आहे. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की किलोभर बेदाणा हाती येतो. उडून जातं ते पाणी. साखर तिथंच राहते. शंभर ग्रॅम बेदाण्यात ती साठ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ३० ग्रॅमच्या मुठीत जवळपास चार चमचे. एवढी साखर चहात घालायला गेलं तर घरचेच हात धरतील. शिवाय १२० ग्रॅम द्राक्षांनी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतं. त्यांचेच बेदाणे टीव्हीसमोर कधी संपले ते कळतही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ही नैसर्गिक साखर आहे. गुळाच्या मुलखात राहून आपण ही सबब इतकी सहज मानावी, याचं मला नवल वाटतं. बेदाण्यात तंतू असतात, पांढऱ्या ब्रेडपेक्षा तो रक्तातली साखर सावकाश चढवतो, हे खरंच आहे. पण सावकाश चढते म्हणून ती मोजायची नाही, असं थोडंच आहे? दुसरा मुद्दा रक्तवाढीचा. मूठभर बेदाण्यातून लोह मिळतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. प्रौढ बाईची रोजची गरज आयसीएमआरने २९ मिलिग्रॅम धरली आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर बेदाण्यावर विसंबून औषध टाळू नये. आणि तालमीतले पैलवान खातात ते? ते पहाटे जोर-बैठकांत घाम गाळतात. त्यांचा खुराक दुकानात बसणाऱ्याने उचलायचं कारण नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांबद्दल मात्र मी अधिक कडक आहे. वाळवल्यावर साखरेसारखंच पोटॅशियमही एकवटतं. शंभर ग्रॅम बेदाण्यात ते सातशे मिलिग्रॅमच्या वर जातं, जर्दाळूत त्याहून बरंच जास्त. रात्री भिजवून सकाळी वरचं पाणी पिण्याची आपल्याकडे रीत आहे. भिजताना जे सुटतं ते त्याच पाण्यात असतं, तेव्हा भिजवल्याने पथ्य पाळलं गेलं असं होत नाही. पोटॅशियमवर बंधन असेल तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. दम्याच्या रुग्णांचा प्रश्न वेगळा. बेदाण्याचा पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात, आणि त्यातल्या सल्फाइटने काहींचा दमा उफाळतो. पाकिटावर सल्फाइट किंवा २२० हा आकडा शोधावा. सुट्या मालावर तेही नसतं. तशाच वाळवलेल्या तपकिरी-काळ्या बेदाण्याला सहसा ही धुरी लागत नाही.

मधुमेह असून मूत्रपिंड ठणठणीत असेल, तर वीसेक बेदाणे, म्हणजे दहा ग्रॅम, मूठभर फुटाण्यांसोबत घ्यावेत. तेही दुसऱ्या गोडाच्या बदल्यात, त्याच्या भरीला नव्हे. खजुराला हाच नियम, एकादशीलासुद्धा. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघावं. पाकवलेला अननस, पपईची टुटीफ्रुटी आणि आवळा कँडी यांत वरून साखर घातलेली असते, त्यामुळे ती फळांच्या बरणीत ठेवूच नयेत.