डिस्कचा नंबर बदलू नये म्हणून

व्यापारी बांधवांनो, इचलकरंजीहून आलेल्या गाठींना थप्पीतील जागेवरून नंबर दिले, तर एक गाठ उचलताच पुढचे सारे नंबर चुकतात. म्हणून आपण गाठीवरच मार्का घालतो. संगणकाचेही तसेच आहे. लिनक्स प्रणाली डिस्क सापडतील त्या क्रमाने त्यांना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. नवी डिस्क जोडून संगणक पुन्हा सुरू केला की ही नावे बदलू शकतात. मग हिशेबाची नक्कल भलत्याच डिस्कवर जाऊन जुनी खाती पुसली जाण्याचा धोका असतो.

उपाय सोपा आहे. एफएसटॅब फाइलमध्ये या नावाऐवजी यूयूआयडी लिहावा. हा क्रमांक डिस्कच्या विभागातच नोंदलेला असतो, म्हणून जागा बदलली तरी तो तोच राहतो. बीएलकेआयडी ही आज्ञा दिल्यास तो दिसतो. मात्र फॉरमॅट केल्यावर नवा क्रमांक मिळतो. तेव्हा फाइलमधील नोंदही बदलावी.