शाळा बदलावी की नाही?



अंबड हे पूर्वी नाशिकजवळचे शेतीचे गाव होते. पुढे येथे औद्योगिक वसाहत झाली. कारखाने आले, वस्ती वाढली, गाव शहरात मिसळून गेले. येथील कामगाराला कंपनी बदलणे नवे नाही. पगार थोडा वाढला की तो एका फाटकातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या फाटकातून आत जातो. त्याला कोणी नावे ठेवीत नाही. पण शिक्षकाने शाळा बदलायची म्हटली, की लोक विचारतात, "गुरुजी चालले? मग आमच्या पोरांचं काय?"

हा प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचाच विचार करू.

समजा, अंबडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक आहेत. वय 32. नोकरी कायम आहे. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. शाळा सुटली की ते मुलांना फुटबॉल शिकवतात. कुणाचा बाप दुसऱ्या पाळीला असतो, कुणाची आई पॅकिंगच्या कामाला जाते. खेळायला जागा म्हणजे शाळेचे अंगण. अशा गुरुजींना शहरातल्या एका मोठ्या शाळेने बोलावले. तिथे मोठे मैदान आहे, नवे चेंडू आहेत, पगारही जास्त आहे. गुरुजींच्या मनात मोठा प्रशिक्षक व्हायचे आहे. त्यांनी जावे की राहावे?

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या कामात मोठे व्हावेसे वाटणे ही लबाडी नव्हे. चांगला सुतार चांगले लाकूड शोधतोच. तेव्हा गुरुजींना दोष देऊ नका. पण दुरून डोंगर साजरे दिसतात, हेही विसरू नका.

दोन माणसांच्या गोष्टी

हैदराबादेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होऊन गेले. त्यांचा जन्म 1909 सालचा. त्यांनी एका जागी नोकरी केली नाही. काचीगुडा, उर्दू शरीफ, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवले. मधल्या काळात त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, आणि शेवटच्या दोन शाळांत खेळांचे काम हाती घेतले. पुढे ते हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे जिंकला. रहीमसाहेब भारताच्या संघाचेही प्रशिक्षक झाले. 1951 आणि 1962 या दोन्ही साली आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. हे सगळे एका शाळामास्तरांच्या हातून घडले, बरं का!

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. झोपडपट्टीतली मुले पावसात मोडकी बादली पायाने ढकलीत खेळत होती. ते त्यांनी पाहिले आणि मुलांना चेंडू दिला. 2001 साली त्यांनी झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले. त्यासाठी त्यांना दुसरे कॉलेज शोधावे लागले नाही. मैदान कॉलेजच्या भिंतीबाहेर सापडले. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्लम सॉकर' या संस्थेला 2016 साली जागतिक फुटबॉल संघटनेचा, म्हणजे फिफाचा, पुरस्कार मिळाला. 2022 साली 'झुंड' हा चित्रपट या कामावरूनच निघाला.

एकाने शाळा बदलल्या. दुसरा होता तिथे राहिला आणि काम वाढवले. दोघेही मोठे झाले. मग खरे काय? खरे हे, की नुसती शाळा बदलून कोणी मोठा होत नाही आणि नुसते एका जागी बसूनही होत नाही. रहीमसाहेब शाळा बदलताना शिकत गेले. बारसे सरांनी समोरची मुले पाहिली. काम वाढले म्हणून माणूस वाढला.

काय तपासावे?

पहिले, मैदान. फुटबॉलचे पुरे मैदान 90 ते 120 मीटर लांब असते. गोलाची रुंदी 7.32 मीटर आणि उंची 2.44 मीटर असते. लहान अंगणात चेंडू अडवणे, वळवणे, जवळ देणे हे शिकवता येते. लांबचा पास आणि अकरा जणांची मांडणी तिथे शिकवता येत नाही. म्हणून मोठ्या मैदानाची ओढ खरी आहे. पण ते मैदान आठवड्यातून किती दिवस मिळेल? की क्रिकेटवाले आधी आणि आपण मागाहून? हे जाऊन डोळ्यांनी पाहावे.

दुसरे, शिक्षण. फुटबॉल प्रशिक्षकांचे परवाने असतात. डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. करंडक जिंकला तर तो शाळेच्या कपाटात राहतो. परवाना मात्र माणसाबरोबर जातो. तेव्हा नव्या शाळेला विचारावे, "परीक्षेला जायला रजा द्याल का?" आणि आहे त्या शाळेलाही हेच विचारावे. कदाचित होकार इथेच मिळेल, आणि जाण्याचे कारणच उरणार नाही.

तिसरे, कागद. नवी नोकरी कायम आहे की अकरा महिन्यांच्या कराराची? पगार लिहून देतात की तोंडी सांगतात? नेमणुकीचा कागद पुरता वाचल्याशिवाय सही करू नये. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या नोकरांसाठी 1977 सालचा कायदा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे कायम शिक्षकाने नोकरी सोडताना तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते. राजीनाम्याच्या दोन प्रती कराव्या. दोन्हींवर सही आणि तारीख घालावी. एक नोंदणी करून टपालाने धाडावी आणि एक आपल्यापाशी ठेवावी. रागाच्या भरात दिलेला राजीनामा परत घेणे अवघड असते.

चौथे, मुले. हे शेवटी लिहिले, पण वजनाने हेच जड आहे. शाळांच्या स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चालतात. 1960 साली सुरू झालेला सुब्रतो करंडक तर थेट दिल्लीपर्यंत नेतो. अशा स्पर्धा चालू असताना संघ वाऱ्यावर सोडू नये.

आम्हास काय वाटते?

आम्ही मुख्याध्यापक म्हणून पुष्कळ शिक्षक येताना पाहिले, जाताना पाहिले. कोणी रुसून गेले, कोणी पगारासाठी गेले, कोणी शिकण्यासाठी गेले. शिकण्यासाठी गेलेल्यांना आम्ही कधी अडवले नाही.

म्हणून आमचे मत असे. नव्या शाळेत पगार तेवढा जास्त आणि शिकण्यासारखे काही नाही, तर कायम नोकरी सोडू नये. तिथे रोज मैदान मिळत असेल, परवान्याची वाट मोकळी होत असेल आणि कागद पक्का असेल, तर गुरुजींनी जावे. मात्र स्पर्धा पुरी करून जावे. मागे राहणाऱ्या एका शिक्षकाला किंवा माजी विद्यार्थ्याला काम शिकवून जावे. चेंडू कुठे ठेवतात, कोणत्या पोराचा गुडघा दुखतो, कुणाला घरून डबा मिळत नाही, हे सारे वहीत लिहून द्यावे. असा शिक्षक गेला तरी त्याचे काम जात नाही.

आणि पालकांनो, तुम्हीही एक करा. गुरुजी चालले म्हणून मुलाची शाळा लगेच बदलू नका. मुलगा दहावीला असेल तर मुळीच घाई नको. गुरुजी जातात म्हणून तोंड फिरवण्यापेक्षा शाळेत जा. "आमच्या पोरांना शिकवायला दुसरे कोण?" असा अर्ज लिहा. अर्ज कसा लिहावा हे तर तुम्ही आता शिकलाच आहात. त्याखाली सही करा. अंगठा नको.

शब्दांचे अर्थ

रास्त : योग्य.
करंडक : विजेत्याला मिळणारा मानाचा चषक.
परवाना : काम करण्याची लेखी परवानगी.
प्रत : एकाच कागदाची दुसरी नक्कल.

प्रश्न

1. रहीमसाहेब आणि बारसे सर यांच्या वाटेत काय फरक होता?
2. राजीनाम्याच्या दोन प्रती का कराव्या?
3. "परवाना माणसाबरोबर जातो" याचा अर्थ काय?
4. तुम्ही कधी काम बदलले का? तेव्हा काय तपासले? पाच ओळी लिहा.
5. खेळाचे नवे शिक्षक मिळावेत म्हणून मुख्याध्यापकांना अर्ज लिहा.