हजेरीची तीन पुस्तके

सायंवंदना आटोपली की आमच्या वसतिगृहात हजेरी होते. गतवर्षी अभ्यासवर्गात आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, माझी हजेरी इथे होते, बाबांची चाकणच्या कंपनीत. पणजोबांची पोलीस पाटलाकडे होत असे, असे आजी सांगते. ती कशासाठी?" उत्तर शोधताना आम्हांला जे गवसले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालक व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत आली. पारधी, कैकाडी अशा जमातींची नावे सरकारी अधिसूचनेत जाहीर होऊ लागली. मग त्या माणसाने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उरत नसे. नाव नोंदवहीत चढे, बोटांचे ठसे घेतले जात, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. अधिसूचना योग्य की अयोग्य, हे कोणत्याही न्यायालयात विचारता येत नसे; कायद्यातच तशी मनाई होती. देखरेख करणाऱ्यावर देखरेख नसली म्हणजे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांला आढळले नाही.

याच कायद्याखाली सोलापूर, हुबळी, विजापूर येथे वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना आजही 'सेटलमेंट' म्हणतात. पोलीस, मजुरी आणि शाळा ही तिन्ही तेथे एकाच कुंपणात नांदत. सोलापुरात मोठी माणसे कापडगिरण्यांत कामाला जात व परतून हजेरी देत. मुले वसाहतीच्या शाळेत बसत. सोडून जाऊ न शकणारा मजूर गिरणीमालकाला मिळे आणि सरकारला सुधारणेचे समाधान. १९२४ च्या कायद्याने तर सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. हे कलम वाचताना आम्ही शिक्षक काही वेळ गप्पच राहिलो. आम्हीही मुले आईवडिलांपासून दूरच ठेवतो.

परंतु त्याच सोलापुरात १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले. तेथे मूल स्वेच्छेने येई. पालक त्याला आणीत आणि परतही नेऊ शकत. एका शहरात दोन प्रकारची निवासी व्यवस्था एकाच काळी चालू होती.

पुढे या दोन वाटा एका टेबलाशी आल्या. डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांनी कायदेमंडळात मांडलेल्या ठरावातून नोव्हेंबर १९२८ मध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणजे या वसाहतींचा कारभार पाहणारेच अधिकारी. सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. सोळंकी व ठक्करबाप्पा होते. मार्च १९३० च्या अहवालात समितीने जे नमूद केले ते सरकारी कागदात विरळाच आढळते. अस्पृश्य शेतमजूर किंवा कूळ म्हणून गावातील सवर्णांवरच अवलंबून. त्याने हक्क मागितला की बहिष्कार पडतो. आणि दाद मागायची ती ज्या पोलीस पाटलाकडे व कनिष्ठ अंमलदारांकडे, ते स्वतः जातिभावनेपासून मुक्त नसतात. पोलीस, मजुरी आणि शिक्षण ही तीन दुखणी एकाच मुळाची आहेत, हे सरकारनेच नेमलेल्या समितीने मान्य केले.

हे आधी कोणी सांगितले नव्हते असे नाही. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून सैन्याबरोबर पोलीस शिपायाची नोकरीही मागितली होती. ज्याच्या हातात नोंदवही आहे त्या खात्यात आपली माणसे हवीत, हे त्यांनी फार लवकर ओळखले, असे आम्हांला वाटते.

मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ साली रद्द झाला. देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. मात्र १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कंपनीत लागताना पोलीस पडताळणीचा कागद भरताना आडनावापाशी हात थबकतो, असे आमचे काही माजी विद्यार्थी सांगतात.

त्या अभ्यासानंतर आम्ही आमचेच नियम तपासले. पालकांनी महिन्यातून एकाच रविवारी भेटावे, असा आमचा जुना नियम होता. पाळीवर काम करणाऱ्या ठेकेदारी कामगाराला तो रविवार मिळतोच असे नाही, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. नियम काढून टाकला. हजेरीपुस्तकही आता कार्यालयाबाहेरच्या टेबलावर असते. कोणीही पालक ते उघडून पाहू शकतो.

ज्या कुटुंबांत सेटलमेंटच्या आठवणी, परवाने किंवा हजेरीचे जुने कागद असतील, त्यांनी ते आम्हांला दाखवावेत. नक्कल उतरवून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ.