रात्रीचं गणित घरी, दिवसाची रहदारी विकत

रूटिंगची सेवा तयार विकत घ्यावी की आपल्याच सर्व्हरवर चालवावी, असं विचारत कुणी आलं की मी आधी एकच विचारते: तुमच्या गाड्यांची आखणी कधी होते? आदल्या रात्री होत असेल तर माझं उत्तर एक, गाड्या रस्त्यावर असताना दिवसभर होत असेल तर दुसरं. समोरच्याला वाटतं, बाई विषय टाळताहेत. तो बिलाचे आकडे, सर्व्हरचं भाडं आणि इंजिनांची नावं घेऊन आलेला असतो. ते सगळं लागतंच, पण नंतर.

मी औषधांच्या घाऊक वितरणात आहे. एक गोडाऊन तळेगावला, दुसरं कोल्हापूरला. गाड्या सरमिसळ: छोटा हत्ती, पिकअप, आयशर आणि गावठाणातल्या गल्ल्यांसाठी तीनचाकी टेम्पो. सुरुवातीला आम्ही एका मोठ्या नकाशा-कंपनीची तयार सेवा घेतली होती. सेवेला नावं ठेवायला जागा नव्हती. पत्ता शोधा, अंतर विचारा, पोहोचायला किती वेळ लागेल ते विचारा, क्षणात उत्तर. बिल मात्र असं चढत गेलं की बाहेरचं कुणी सेवेची आपली चावी वापरतंय का, अशी चौकशी अकाउंट्सवाल्यांनी केली.

कुणी वापरत नव्हतं. गणितच तसं आहे. एका गाडीची 60 दुकानं आणि गोडाऊन धरून 61 ठिकाणं. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणचं अंतर लागतं, आणि एकेरी रस्त्यांमुळे जायचं अंतर यायच्या अंतराइतकं नसतं. म्हणजे 61 गुणिले 61, झाल्या 3,721 जोड्या. दहा गाड्यांच्या दहा ठरलेल्या लाईन असतील तर 37,210. इथवर ठीक. पण कोणतं दुकान कोणत्या गाडीत टाकायचं तेही सॉफ्टवेअरनेच ठरवावं असं म्हटलंत (आणि त्याचसाठी तर हा सगळा खटाटोप), की 601 ठिकाणं एकाच तक्त्यात येतात आणि जोड्या होतात 3,61,201. अशा तक्त्याचे पैसे सहसा जोडीमागे लागतात, तुम्ही किती वेळा विचारलंत त्यावर नाही.

त्यात भर माणसांच्या सवयीची. रात्री नऊनंतर एखाद्या केमिस्टचा फोन आला की आमचा डिस्पॅचचा मुलगा ती ऑर्डर घालायचा आणि ‘पुन्हा आखा’ दाबायचा. एक दुकान वाढलं की अख्खा तक्ता नव्याने. मग आणखी एक फोन, पुन्हा तेच. त्या बटणाला पैसे पडतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी केमिस्टला ‘उद्या बघू’ म्हणणं त्याच्या हातात नव्हतं.

दुकानं काही रोज जागा बदलत नाहीत, अंतरं एकदाच काढून साठवून ठेवू, ही युक्ती प्रत्येकाला सुचते. ती अमलात आणण्याआधी करार वाचा. गूगलच्या अटींनुसार अक्षांश-रेखांश 30 दिवसांपर्यंत ठेवता येतात. मार्ग आणि अंतरांचा आपला कायमचा साठा करायला मुभा नाही. इतरांच्या अटी वेगळ्या असतील, पण वाचल्याशिवाय सही करू नये. दरांचंही तसंच. गूगलने 2018 मध्ये नकाशा-सेवांची दररचना बदलली तेव्हा अनेकांची बिलं कित्येक पटींनी वाढली. ऑगस्ट 2024 पासून भारतातले दर 70 टक्क्यांपर्यंत उतरले. मार्च 2025 मध्ये महिन्याची 200 डॉलरची सरसकट सूट जाऊन प्रत्येक सेवेची वेगळी मोफत मर्यादा आली. दर उतरले त्याचा आनंदच आहे, पण तीन वर्षांचं वाहतुकीचं बजेट मांडणाऱ्याला पुढच्या वर्षी काय होईल ते सांगता येत नाही.

मग आम्ही आपलं इंजिन उभं केलं. ओएसआरएम घेतलं. त्याची सुरुवात जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या तंत्रसंस्थेत झाली, ते मुक्त परवान्याचं आहे, आणि मोठा तक्ता झपाट्याने काढण्यात त्याचा हात धरणारं क्वचितच. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाची फाईल उतरवायची, तिच्यावर प्रक्रिया करून रस्त्यांचं जाळं तयार करायचं, ते मेमरीत चढवायचं. प्रक्रियेला मूळ फाईलच्या कित्येक पट मेमरी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा काही तासांपुरतं मोठं मशीन भाड्याने घ्यावं आणि रोजचं काम लहान मशीनवर करावं. एका वेळी 100 ठिकाणांची मर्यादा मुळात घातलेली असते, ती सर्व्हर सुरू करतानाच वाढवावी लागते. हे सगळं कागदपत्रांत आहे, एखादा हुशार मुलगा आठवड्याभरात करून दाखवतो. खरा त्रास त्याच्या पुढे सुरू होतो आणि तो रस्त्यावरचा असतो.

पहिली गोष्ट कोल्हापूरची. जिओफाब्रिकच्या संकेतस्थळावर या नकाशाचे भारतापुरते विभागवार तुकडे मिळतात. महाराष्ट्र-गोवा पश्चिम विभागात येतात, आणि लहान फाईल बरी म्हणून आम्ही तोच तुकडा घेतला. कोल्हापूरहून सावंतवाडीला जायचं तर आमची गाडी निपाणीवरून आजरा-आंबोली करत घाट उतरते. निपाणी कर्नाटकात, आणि कर्नाटक दक्षिण विभागाच्या फाईलमध्ये. इंजिनाच्या लेखी कागलच्या पुढे थोड्याच अंतरावर जग संपत होतं, त्यामुळे ते प्रत्येक गाडी भलत्याच वाटेने पाठवत होतं. इंजिन चूक झाल्याचा इशारा देत नाही, मुकाट्याने लांबचा रस्ता देतं, आणि तो रस्ता कागदावर अगदी शहाण्यासारखा दिसतो. सीमेलगत धंदा असेल तर सबंध भारताची फाईल घ्या.

दुसरी गोष्ट तीनचाकीची. ओएसआरएमसोबत मोटार, सायकल आणि पायी अशी तयार प्रोफाइलं येतात. मोटारीचं प्रोफाइल जसंच्या तसं ठेवून लोणावळ्याची लाईन आखली की ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाते, कारण मोटारीला तोच सर्वांत जलद. तीनचाकीला आणि दुचाकीला तिथे मज्जाव आहे. आमचे एक जुने ड्रायव्हर कागद हातात घेऊन आले.

“मॅडम, ह्यो तुमचा नकाशा मला उर्शाच्या नाक्यावर न्यायला निघालाय. तीन चाकं बघून तिथला पोलीस माझ्या गळ्यात हार घालनार हाय का?”

“काका, तुम्ही जुन्या हायवेनेच जा. कागद उद्यापर्यंत दुरुस्त होईल.”

“जुन्या हायवेनंच जानार व्हतो. पर नवीन पोरगं असतं तर गेलं असतं.”

काकांचं ते शेवटचं वाक्य मी प्रत्येक नव्या प्रकल्पात ऐकवते. अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावरही दुचाकी-तीनचाकींना बंदी आहे. गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळं प्रोफाइल आणि रस्त्यांचं वेगळं तयार केलेलं जाळं, एवढी तयारी असेल तरच ओएसआरएमच्या वाटेला जावं. उंची, वजन, रुंदी पाहून मोठ्या ट्रकचा रस्ता काढायचा असेल तर व्हालहाला हे इंजिन बरं. त्यात हे निकष प्रत्येक वेळी विचारताना देता येतात आणि ते लहान मशीनवरही चालतं, फक्त मोठे तक्ते सावकाश काढतं. जावावाल्या टीमला ग्राफहॉपर सोपं जातं. आणि एक घोळ आधीच मिटवा: ही सगळी इंजिनं मुख्यतः अंतर आणि वेळ सांगणारी. कोणती दुकानं कोणत्या गाडीत आणि कोणत्या क्रमाने, हे वाटप करणारं व्हरूमसारखं सॉफ्टवेअर त्यांच्या डोक्यावर बसवावं लागतं. ‘ओएसआरएम लावलं पण आखणी होत नाही’ अशी तक्रार घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि तिच्यात सर्वाधिक वेळ जातो. मोटारीच्या प्रोफाइलमध्ये नकाशात वेगमर्यादा नोंदलेली नसेल तर रस्त्याच्या वर्गावरून वेग धरतात: ‘ट्रंक’ला ताशी 85 किलोमीटर, ‘प्रायमरी’ला 65. आता आपल्याकडे तालुक्याच्या भर बाजारपेठेतून जाणारा, दोन्ही बाजूंना रिक्षा आणि मधोमध म्हैस असलेला रस्ताही ‘प्रायमरी’ असू शकतो. आयशर तिथून 65 ने जाईल असं धरून आखलेल्या लाईनमध्ये शेवटची दहा दुकानं दुपारच्या जेवणाला बंद सापडतात. उपाय घरातच असतो. गाड्यांना जीपीएस लावलेलं असतं, त्याच्या नोंदींमधून रस्त्याच्या तुकड्या-तुकड्याचा खरा वेग काढायचा आणि इंजिनाला वेगाची फाईल म्हणून द्यायचा. तयारीच्या दोन पद्धतींपैकी एमएलडी निवडली असेल तर नवे वेग चढवायला सगळं जाळं पुन्हा बांधावं लागत नाही.

याच फाईलचा पावसाळ्यात मोठा उपयोग. वरंध घाट अवजड वाहनांना बंद, अमुक पूल पाण्याखाली, असे आदेश व्हॉट्सअॅपवर पीडीएफ होऊन फिरतात. 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता तेव्हा कोल्हापूरच्या कोकण लाईनचं सगळं गणित बदललं होतं. अशा तुकड्याचा वेग शून्य लिहिला की इंजिन त्या वाटेला जात नाही. यासाठी सार्वजनिक ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हात घालायचा नाही. चार दिवसांची बंदी आपल्या फाईलमध्येच राहू द्या. कायमची चूक मात्र, म्हणजे नवा बायपास किंवा उलट्या दिशेने दाखवलेला एकेरी रस्ता, मूळ नकाशातच दुरुस्त करावी. ती मुभा विकतच्या सेवेत नाही. तिथे तक्रार नोंदवून वाट पाहायची.

पण ते शून्य कुणी लिहायचं? पीडीएफ येते रात्री साडेदहाला, आखणी सुरू अकराला. ज्याचं नाव पगारपत्रकावर आहे आणि ज्याच्या कामात हे लिहून दिलेलं आहे, असा माणूस नसेल तर आपलं इंजिन ठेवू नये. सर्व्हरचं भाडं या माणसाच्या पगारापुढे किरकोळ आहे. खर्चाच्या तुलनेत लोक सर्व्हर विरुद्ध बिल मांडतात आणि हा माणूस विसरतात. तो एकटाच असला तर तो नोकरी सोडतो तेव्हा गाड्या थांबतात, म्हणून निदान दोघांना येत असावं.

नकाशा दर आठवड्याला नवा करावा, पण आंधळेपणाने चढवू नये. ओपनस्ट्रीटमॅप कुणीही बदलू शकतं आणि एखाद्या हौशी माणसाने पुलाचा दुवा तोडून ठेवलेला असू शकतो. ठरलेल्या काही फेऱ्यांची अंतरं जुन्या आणि नव्या जाळ्यावर काढायची. मोठा फरक दिसला तर आधी माणसाने पाहायचं. मागच्या आठवड्याचं जाळं पुसायचं नाही.

दिवसाची रहदारी मात्र आमच्या इंजिनात नाही. दुपारी तीनला पुण्याच्या चांदणी चौकात काय चाललंय ते ओपनस्ट्रीटमॅपला ठाऊक नसतं, आणि आमच्या मोजक्या गाड्यांच्या जीपीएसवरून ते कळणारही नाही. ते कोट्यवधी फोन पाहणाऱ्या कंपन्यांना कळतं, म्हणून ते आम्ही विकत घेतो. ‘गाडी किती वाजता येईल’ हा केमिस्टचा प्रश्न एका गाडीचा, एका ठिकाणचा असतो. त्याच्या जोड्या हजारांत जात नाहीत आणि बिलही आवाक्यात राहतं. तुमचा धंदाच दिवसभर नवी ऑर्डर, नवी आखणी असा असेल, दहा-वीस मिनिटांत सामान पोहोचवण्यासारखा, तर रहदारीशिवाय आखणी फोल आहे. तिथे तयार सेवाच घ्या आणि दरावर घासाघीस करा.

पत्ता शोधण्याचं कामही विकतच घ्यावं. ‘शनिमंदिरामागे, जुन्या दवाखान्याजवळ’ हे समजून घेणं मोठ्या कंपन्यांनाही जड जातं, आपलं इंजिन तर त्यात कुठेच नाही. माल उतरवताना ड्रायव्हरच्या फोनवरून त्या जागेची खूण घ्या. ती तुमच्या मालकीची, कुठल्या कराराच्या मुदतीत न अडकणारी. ग्राहक घरगुती असतील तर त्यांची संमती आणि 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांची एकदा वकिलाकडून खात्री करून घ्या.

तयार सेवा घेणाऱ्याला ‘कंपनी मोठी आहे, काळजी नको’ असं सांगणारे भेटतात. मॅपझेन ही सॅमसंगच्या पाठबळावर चालणारी नकाशा-कंपनी होती. जानेवारी 2018 च्या सुरुवातीला तिने बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि महिन्याभरात सेवा थांबल्या. व्हालहाला तिथेच घडलं होतं. त्याचा कोड मुक्त होता, म्हणून ते आजही चालतंय. विकतच्या सेवेभोवती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये एक पातळ थर ठेवावा: बाकी सगळ्यांनी त्या थरालाच अंतर विचारायचं, आतली कंपनी बदलली तरी वरच्या कुणाला कळता कामा नये. आपलं इंजिन पहाटे झोपलं तर त्याच थरातून विकतच्या सेवेकडे वळता येतं. तिथे रोजच्या खर्चाची मर्यादा मात्र आधीच घालून ठेवा.

आणखी दोन किरकोळ गोष्टी. ओएसआरएमचा इंटरनेटवरचा नमुना-सर्व्हर धंद्यासाठी नाही. तो फुकट आहे म्हणून त्यावर गाड्या चालवू नका. आणि ओपनस्ट्रीटमॅप वापरलात तर त्याचं श्रेय दिसेल असं लिहा, ती परवान्याची अट आहे.

निर्णय घेण्याआधी एका गोडाऊनवर दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवून पाहा आणि लाईनच्या कागदावर ‘रस्ता का बदलला’ असा एक रकाना ठेवा. तो ड्रायव्हरने भरायचा आणि कारण लिहिल्याबद्दल कुणाला जाब विचारायचा नाही. आमच्या रकान्यात घाट, खड्डे, शाळा सुटण्याची वेळ असं सगळं आलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा आला आठवडे बाजार. तो कुठल्याच सेवेत नव्हता. आता आमच्याकडे वारानुसार सात वेगळ्या वेगाच्या फाईल आहेत, आणि ज्या गावचा जो बाजारवार, त्या दिवशीच्या फाईलमध्ये त्या गावच्या पेठेचा वेग शून्य असतो.